जानरावांचा कूलर आणि तीन देश

मलकापुरात मे महिना म्हणजे निव्वळ भट्टी. त्यात जानरावांच्या घरातला एकुलता एक कूलर सूनबाईंनी, म्हणजे दीपमालेनं, आपल्या खोलीत ओढून नेला. उद्या तिची प्राध्यापकीची मुलाखत होती. विषय, देशोदेशीच्या कल्याणकारी योजना.

"सूनबाई, कूलर काऊन नेला वं?" जानराव बनियनवर दारात उभे.

"अभ्यास करून राह्यली, बाबा. डोकं तापते."

"अन् माह्यं काय माठात ठेवलं हाये? तुह्या पुस्तकात काय लिहेल हाये, सांग!"

दीपमाला पडली प्रामाणिक. "अमेरिकेत ज्याले खरी गरज, त्याले मदत. पण गरज दाखवा लागते."

जानरावांनी बनियन काढून तिथंच पिळलं. धार लागली. कूलर निमूटपणे बैठकीत आला.

तेवढ्यात रवी, म्हणजे दीपमालेचा नवरा, दुकानातून आला. "कूलर घेतला कोनं? म्या! मंग हवा कोणाले?"

"जर्मनीत तसंच हाये," दीपमाला पुटपुटली. "ज्यानं वर्गणी भरली, त्याले आधी."

"घ्या!" रवीनं कूलर आपल्या बाजेकडे फिरवला.

"मले अमेरिकेतच राहू दे बे!" जानराव ओरडले.

बापलेकांची जुंपली. अभ्यास बोंबलला. शेवटी दीपमाला किंचाळली, "स्वीडनमध्ये सगळ्यांले सारखं!" लगेच तिन्ही बाजा कूलरसमोर लागल्या. आहाहा! जानराव तर घोरायलाच लागले.

आणि अचानक कूलर गरम वाफा फेकू लागला. टाकी कोरडी पडली होती.

"आई, पाणी टाक वं!" रवी पडल्या पडल्या म्हणाला.

जनकाबाई चुलीपासून घाम पुसत आल्या. "आधी अमेरिकेले पाणी भरलं, मंग जर्मनीले भरलं. आता स्वीडनलेबी मीच भरू? उठा!"

रिकामी बादली त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याच्याच बाजेवर ऐसपैस आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तुमच्या मते कोणत्या देशाची पद्धत उत्तम?"

दीपमालेच्या तोंडून निसटलं, "सर, आधी पाणी कोण भरते ते पाहा लागते."

मग तिनं सगळंच सांगितलं. साहेब पोट धरून हसले, पण नोकरी तिलाच मिळाली.

पेढे घेऊन ती घरी आली तेव्हा कूलर जनकाबाईंसमोर गार हवा सोडत होता. जानराव बादली घेऊन धापा टाकत आले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, हा कोणता देश वं? याच्यातून बाहेर निघता येते का?"