तात्यांचा हजारावा तुकडा

हणमंततात्यांच्या घरी कुणीही जाऊ शकतं. बाहेर पडायचं मात्र झडती देऊनच. उंबऱ्याशी एक जुनी चादर अंथरलेली असते. तिच्यावर उभं राहून खिसे उलटे करायचे, पँटची दुमड सोडायची, सदरा झटकायचा. मी त्यांचा शेजारी, शाळेत शिक्षक, विट्यात चार लोक मला नमस्कार करतात. पण त्या चादरीवर सगळ्यांना एकच न्याय.

"आवं तात्या, मी नुसता चहा प्यायलो!"

"चहा पिलासा न्हवं? मग झटका, गुर्जी. माल अंगाला चिकटून जातोय, कळत सुदिक न्हाई."

माल म्हणजे जिगसॉ पझलचे पुठ्ठ्याचे तुकडे. तात्यांनी पस्तीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवलं. त्या धंद्यात जमिनीवरचा केरही फेकत नाहीत. झाडून, धुऊन, जाळून त्यातला कण न् कण काढतात. दुकान सुटलं, पण केर टाकायला काही तात्या शिकले नाहीत.

पझल खरं तर काकींसाठी, तात्यांच्या बायकोसाठी, आलं होतं. काकींची आठवण अलीकडं विरत चालली आहे. अधूनमधून त्यांना वाटतं, आपण अजून कोइमतूरलाच आहोत. हाताला, डोक्याला चाळा हवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून पुण्याच्या लेकीनं हजार तुकड्यांचं पझल पाठवलं. काकींनी दोन तुकडे लावले आणि शेंगा सोलायला घेतल्या. औषध बायकोचं, नाद लागला नवऱ्याला. "दिवाळीला तू येशील तवा पुरं असंल," असा शब्दही त्यांनी लेकीला देऊन टाकला.

चित्रात खाली सूर्यफुलाचं शेत, वर आभाळ. आभाळाचे सगळे तुकडे एकाच निळ्या रंगाचे. एका संध्याकाळी मी तासभर झगडून दोन जोडले. तात्यांनी डोळ्याला भिंग लावून ते पाहिले आणि उपटून काढले.

"भेसळ हाय. दाबून बशिवलाय तुमी."

त्यांनी स्वतः एक ढग दोन दिवस उलटा ठेवला होता, तेव्हा मात्र चूक पझल बनवणाऱ्याची होती! तरी खरं सांगतो, मलाही गोडी लागली. एखादा तुकडा अलगद बसला की दिवसभराचा शीण उतरायचा.

दिवाळीच्या आठ दिवस आधी नऊशे नव्व्याण्णव तुकडे बसले. एका सूर्यफुलाच्या ऐन मध्यात भोक राहिलं. मग काय विचारता! तात्यांनी घर धुतलं. केर चाळला, बंबातली राख चाळली, मोरीच्या तोंडाला फडकं बांधलं. गल्लीतल्या प्रत्येकावर संशय घेतला, माझ्यावर दोनदा.

"गुर्जी, तुमी शिकलेली मानसं. दिऊन टाका. कुनाला सांगत न्हाई मी."

मी तावातावानं सदरा काढून बनियनवर उभा राहिलो. त्यांनी सदरा घेऊन झटकला.

लेक यायच्या दिवशी सकाळी मी फराळाचं ताट घेऊन गेलो. तात्या पलंगाखाली पालथे पडून कोपरे खरवडत होते. काकींनी लाडवासाठी हात पुढं केला, तो डावा. उजवी मूठ मिटलेलीच होती. बोटांच्या फटीतून पिवळं काहीतरी दिसलं.

"सापडला!" मी ओरडलो.

तात्या डोकं आपटून घेत बाहेर आले. त्यांनी काकींची मूठ उघडली. घामानं तुकडा मऊ पडला होता.

काकी घाबरल्या. "आवं, दुकानात सोनं सांडलं हुतं. तुमी वरडाल म्हनून उचलून धरलंय. कुनाला दिलं न्हाई."

मला वाटलं, उभ्या गल्लीचे खिसे उलटे करणारा हा माणूस आता झडप घालणार. पण तात्यांनी काकींचं एकेक बोट पुन्हा हळूच मिटवलं.

"लय ब्येस केलंस. तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे. मी न्हाई वरडत."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि लेक आत आली. आईच्या पाया पडून ती टेबलावरच्या पझलवर वाकली.

"तात्या, यात एक तुकडा कमी आहे की!"

"कमी न्हाई," काकींच्या मुठीवर हात ठेवून तात्या म्हणाले, "समदे घरात हायत."