मैनेचं आउटसोर्सिंग

जीवनचं ठाम मत होतं: जगात प्रत्येक काम करणारा माणूस कुठे ना कुठे असतोच, आपण फक्त तो शोधायचा आणि मोकळं व्हायचं!

चांदूर बाजारला त्याचा गोठा होता. दुभत्या गाईंबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. पण कालवड म्हणजे काय? नुसतं खायचं, वाढायचं आणि दुधाचा विषय निघाला की भलतीकडे बघायचं. थोडक्यात, घरात बसलेला पदवीधर! परदेशातले मोठमोठे गोठेवाले आपल्या कालवडी दुसऱ्याकडे वाढवायला देतात आणि गाभण झाल्या की घरी आणतात, असा एक व्हिडिओ त्याने मोबाइलवर पाहिला आणि तो पेटला.

"याले आउटसोर्सिंग म्हणते," तो बायकोला म्हणाला.

"याले अर्धेली म्हणते," रूपाली म्हणाली. "माझा आजा करत होता. जनावर आपलं, चारा त्याचा, अन् पुढं जे होईन त्यात अर्धं-अर्धं."

"तेच ते! पण इंग्रजीत केलं की फायदा जास्त होते."

रूपाली हसली नाही. कारण ही कालवड, मैना, साधीसुधी नव्हती. लग्नात रूपालीच्या वडिलांनी, शेषरावांनी, एक गाय आंदण दिली होती. ती गाय गेली. तिची ही एकुलती एक लेक.

"तिले काई झालं," रूपाली म्हणाली, "त बाबाले तोंड तुमी दाखवायचं. मी नाई."

"अवं, काई होत नाई!"

आणि मैना सेमाडोहच्या भगवंत गवळ्याकडे रवाना झाली. जंगलातला चारा, डोंगरातली हवा. जीवनलाच तिचा हेवा वाटला. अधूनमधून तो फोन करायचा. भगवंत दरवेळी एकच वाक्य बोलायचा: "एकदम मजेत हाय, भाऊ!" त्यावर "कुठे?" असं विचारायचं जीवनला कधी सुचलं नाही.

मग अंजनगाव सुर्जीला जनावरांचं प्रदर्शन ठरलं आणि शेषरावांचा फोन आला.

"जवाईबापू, आंदणाच्या गाईची कालवड घेऊन या. बाजूले माझ्या घरची कालवड उभी करतो. पाहू द्या लोकायले, सासऱ्याची निगा कशी अन् जवायाची कशी!"

रूपाली पुढे अंजनगावला माहेरी गेली. जाताना फक्त एवढंच म्हणाली, "मैनेसंगच या. तिच्याबिगर आले त आल्या पावली वापस."

जीवन पिकअप घेऊन सेमाडोहला पोचला. गोठ्यात सगळ्या गाई होत्या. मैना सोडून.

"मैना कशी हाय?"

"एकदम मजेत हाय, भाऊ!"

"हाव, पण कुठं?"

"अकोल्याले."

जीवन खाटेवर बसला. खाट नव्हती, ते शेणाचं टोपलं होतं. पण त्याला आता फरक पडत नव्हता.

"तुमची कालवड लय माणसाळलेली," भगवंत समजुतीने सांगू लागला. "आमच्या गाई वाघाचा वास आला की पळते. हे त्याच्याकडं जाते! जसा का तो तिचा कानच खाजवून देणार हाय! म्हटलं, भाऊची अमानत हाय, गेली त काय सांगू? ढेपवाले सत्तारभाई आले होते, त्यायले देली. अर्धेलीनं."

"माझ्या अर्धेलीची तू अर्धेली केली?"

"माझ्या अर्ध्यातलं अर्धं देलं ना, भाऊ! तुमच्या अर्ध्याले हात नाई लावला!"

अकोल्याला अब्दुल सत्तारांचं सरकीच्या ढेपेचं दुकान होतं. त्यांनी जीवनला आधी चहा पाजला.

"मैना? माशाल्ला, क्या जानवर है! पण भाई, वाळत घातलेले कपडे खाते. बीवीचे, आमच्या गुलनारचे, सगळे दुपट्टे गेले. आखरी वाला ईदचा होता. बीवी म्हणाली, घरात ही तरी राहील नाहीतर मी तरी." सत्तारभाईंनी सुस्कारा सोडला. "सोचना पडा."

"मंग?" जीवनने विचारलं.

"अंजनगावात एक बुजुर्ग आहेत, पानमळेवाले. ढेप माझ्याकडूनच नेतात. शेषरावजी. त्यांना दिली, अर्धेलीनं. आदमी हीरा है! बस, एकच दुःख आहे बिचाऱ्यांना."

"कोणतं?"

"जावई. चांदूर बाजारचा आहे म्हणे. हत्ती सांभाळायला दिला तर बकरी करून परत देईल! आपण कुठून आलात?"

"परतवाड्याहून," जीवन म्हणाला आणि गरम चहा एका घोटात पिऊन उठला.

मैना जिवंत होती! वाघाने खाल्ली नव्हती, गुलनारभाभींनी हाकलली होती, पण जिवंत होती! छातीवरचा धोंडा उतरला. अंजनगावच्या वेशीपाशी त्या जागी सासरा येऊन बसला.

"गाडी रिकामी?" शेषराव फाटकातच उभे होते.

"मैना... घरीच हाय, मामाजी. गाडीत चढेचना."

"चढेचना! या, इकडं या. जनावर कसं असते ते दाखवतो. माझ्याच गोठ्यात जन्मली, माझ्या हातावर वाढली!"

गोठ्यात मैना उभी होती. तुकतुकीत, तरतरीत, लग्नातल्या वरमाईसारखी! जीवनला पाहताच ती पुढे आली आणि त्याचा शर्ट चघळू लागली. दोन खोटारड्यांच्या मध्ये एकटी मैनाच तेवढी प्रामाणिक होती, पण तिचं तोंड भरलेलं होतं.

"परक्यायले बी लळा लावते," शेषराव घाईघाईने म्हणाले.

"दिसून राह्यलं," जीवन म्हणाला.

"मैने!" मागून रूपालीचा आवाज आला. मैनेने शर्ट सोडला, मान वळवली आणि अशी हंबरली की पानमळ्यातले मजूर उठून उभे राहिले.

"मी कालच ओळखली," रूपाली म्हणाली. "म्हटलं पाहू, खरं आधी कोण बोलते. मायबाई, दोघंही नाई!"

मग जीवनने सगळं सांगून टाकलं. वाघ, दुपट्टे, अर्ध्यातलं अर्धं, सगळं. शेषरावांच्या मिशा हळूहळू खाली आल्या.

"म्हंजे... हे मी देलेल्या गाईची लेक?"

"हाव, बाबा."

"मंग हे माझ्याच घरचं वाण हाय!" मिशा झटकन वर गेल्या. "सारं गाव म्हणे, बाहेरून आणली; मले खोटं पाडून राह्यलं होतं! मी खरंच बोलत होतो, मले फक्त मालूम नव्हतं!"

त्यांनी जावयाला मिठी मारली. जीवननेही मारली. इतकं हलकं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"उद्या प्रदर्शनात मैना माझ्या नावानं उभी राहीन," रूपाली म्हणाली. "अन् मंग माझ्यासंग घरी येईन. मीच पोसतो तिले."

"बेस झालं," जीवन म्हणाला. "निघू मंग सारे संगच."

"तुमी कुठं? बाबा, ह्यायले ठेवून घ्या इथंच. अर्धेलीनं. कामाले लागले की नेतो मी."

शेषरावांनी जावयाभोवती एक फेरी मारली. खांदा दाबून पाहिला, पाठीवरून हात फिरवला.

"ठेवतो," ते म्हणाले. "पण पुढं कोणाले देऊन टाकले, त मले इचारजो नको."