एक किलोमीटरची जाहिरात

पाणीपुरवठा कचेरीतल्या आवक-जावक कारकुनाला सगळे तपशीलराव म्हणत. कोणी नुसतं "आज फार उकडतंय" म्हटलं, तरी हा गृहस्थ विचारणार, "सकाळपासून, की आत्ताच?" असा माणूस धंद्यात पडला तर निदान डोळे उघडे ठेवून पडेल, असं कुणालाही वाटेल. त्याच्या बायकोलासुद्धा वाटलं. (लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरीही वाटलं, हे विशेष.)

"मी अफिलिएट मार्केटिंग करणार आहे," एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता त्याने जाहीर केलं.

"म्हणजे काय?"

"दुसऱ्याच्या मालाची आपण जाहिरात करायची. आपल्या लिंकवरून कुणी तो घेतला की आपल्याला कमिशन."

"म्हणजे दलाली."

"दलाली काय म्हणतेस गं! ऑनलाइन असतं ते."

बायकोने ओला हात पदराला पुसला आणि बजेट मंजूर केलं. महिन्याला पाचशे, वर एक पैसा नाही. आणि महिनाअखेर एकही वस्तू विकली गेली नाही, तर दर रविवारी तिच्या भावाच्या रंगाच्या दुकानात जाऊन बसायचं.

मेव्हण्याच्या दुकानात तपशीलराव एकदाच बसला होता. भिंतीला पांढरा रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने भिंतीची दिशा, वय आणि खिळ्यांची संख्या विचारली होती. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. मेव्हणा भर दुकानात म्हणाला, "भावोजी, तुम्ही आपले चहा सांगून या." तो चहा त्याला अजून कडू लागत होता. काही झालं तरी एक विक्री व्हायलाच हवी होती.

त्याने शोधाशोध करून एक उशी निवडली. घोरणाऱ्याची मान नीट ठेवणारी, म्हणून घोरणं थांबवणारी. (स्वतः वापरून पाहिली नाही. बजेटात बसत नव्हती.) मग मजकूर लिहिला: "तुम्ही घोरता. तुम्हाला कुणी सांगत नाही. पण आम्हाला माहीत आहे." वर स्वतःचा फोटो लावला, कचेरीच्या ओळखपत्रावरचा. त्या फोटोत तो चोराला पकडल्यासारखा बघतो.

शेवटी प्रश्न आला, जाहिरात कुठे दाखवायची? नकाशावर त्याने इमानदारीत स्वतःची इमारत टाकली. भोवती एक वर्तुळ होतं, ते ओढून सगळ्यात लहान केलं. लहान म्हणजे स्वस्त, असा सरळ हिशेब. एक किलोमीटरचं वर्तुळ झालं. ते कशाचं, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नाही. आता सगळं जग आपली जाहिरात बघणार, या आनंदात तो झोपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर उभे होते.

"मी घोरतो, हे तुला कोणी सांगितलं?"

"सर, मी कुठे..."

"बातम्या वाचायला फोन उघडला, तू. हवामान बघायला गेलो, तू. डोळे वटारून म्हणतोस, आम्हाला माहीत आहे!"

"अहो सर, ती सगळ्यांना दिसते."

"म्हणजे सगळ्यांना सांगत सुटलायस?"

जिन्यात दातांच्या डॉक्टरांनी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "आमची बायको तुमच्याकडे काही बोलली का हो?" समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू तर भडकल्याच होत्या. "आमच्या ह्यांना जाहिरात दाखवली, तर मलाच म्हणतात, बघ, शेजाऱ्यांनी तुझ्यासाठी दिलीय!"

तपशीलरावाने धावत जाऊन नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला. सगळं बजेट आपल्याच गल्लीत गोल गोल फिरत होतं.

"भाजीवाली हसते माझ्याकडे बघून," बायको म्हणाली. "अख्ख्या जगात तुम्हाला आपलेच शेजारी सापडले?"

वर्तुळ मोठं करायचं म्हटलं, तर पाचशे संपले होते. महिनाही संपत आला. तपशीलराव अगदी रडकुंडीला आला. मेव्हण्याच्या हसण्याचा आवाज त्याला आतापासूनच ऐकू यायला लागला.

आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी जेवताना फोन वाजला. एक उशी विकली गेली होती! तो घास हातात धरून नाचला. तेवढ्यात दुसरी गेली. मग तिसरी. कोणी घेतल्या ते काही कळेना.

कळलं ते खोकी आल्यावर. खोक्यावर आ वासून झोपलेल्या माणसाचं भलंमोठं चित्र होतं, आणि पार्सलवाला जिन्यात उभा राहून ओरडत होता, "घोरायची उशी कोणाची?" सगळी दारं धडाधड बंद झाली. शेवटी तपशीलरावाने ती खोकी वर्तमानपत्रात गुंडाळून घरोघर पोचवली. हेडमास्तर म्हणाले, "माझ्या एका मित्रासाठी आहे." काकू म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी." काकूंचे हे आतून ओरडले, "हिच्यासाठी!" डॉक्टरांच्या दारातून नुसता हात बाहेर आला.

बायको हसली, मनापासून हसली. म्हणाली, "पुढच्या महिन्याचे पाचशे मंजूर." तपशीलरावाची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी होतं. इतका आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

आणखी काही दिवसांनी, रविवारी सकाळी, तिघेही दारात हजर. हेडमास्तरांच्या हातात मोठं पुडकं. सत्कार! तपशीलरावाने घाईघाईने केसांवरून हात फिरवला.

"तुझ्या उशीने इमारत शांत झाली," हेडमास्तर म्हणाले. "गुण आहे हो त्या उशीत. इतकी शांत झाली, की आता एक आवाज वेगळा ऐकू येतो. आधी तो आमच्यात मिसळून जायचा."

"आम्हाला वाटलं, पाण्याचा पंप," काकू म्हणाल्या.

"मी जाऊन पंप बंद केला," डॉक्टर म्हणाले. "तरी चालूच."

तपशीलरावाने पुडकं उघडलं. आत तीच उशी होती. त्याने कानकोंडा होऊन बायकोकडे पाहिलं. "इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही विचारलंत, उजव्या कुशीवर, की डाव्या?"

त्याला लाजही वाटली आणि माणसांचा लोभही वाटला. पण धंदेवाईक मन गप्प बसेना. "तरी चौथी विक्री झालीच की! लिंकवरून घेतलीत ना, सर?"

"छे रे! बाजारात स्वस्त मिळाली. तुझ्या बायकोनेच दुकान सांगितलं. पैसेही तिचेच."

"तिचे?"

"माझे कुठले?" बायको उशीला अभ्रा घालत म्हणाली. "तुमचेच आहेत. पुढच्या महिन्याचे पाचशे."