गायकवाड काकांची रत्नागिरी

बदलापूरच्या सोनिवलीतल्या आमच्या इमारतीत रत्नागिरीकडची घरं बरीच आहेत, पण उठता-बसता रत्नागिरीबद्दल बोलणारा माणूस एकच, आणि तो रत्नागिरीचा नाही. गायकवाड काका जन्मले अंबरनाथला, शिकले अंबरनाथला, नोकरी केली अंबरनाथच्याच एका कारखान्यात, स्टोअरकीपर म्हणून, आणि निवृत्त झाल्यावर फार लांब न जाता बदलापूरला येऊन राहिले. रत्नागिरीला ते आयुष्यात एकदाच गेले. तेही कंपनीच्या कामासाठी, जेमतेम आठवडाभर. पण तुम्ही त्यांना जिन्यात गाठून "काका, आज उकडतंय ना?" एवढंच म्हणून बघा. ते थांबतील, हातातली भाजीची पिशवी पायरीवर ठेवतील आणि म्हणतील, "उकडणारच. वारा कुठंय इथं? रत्नागिरीत असं नसतं."

माझं सासर रत्नागिरीपासून एसटीने अर्ध्या तासावर, माहेर त्याच्या पलीकडे खाडीकाठी. रत्नागिरीत उकडतं की नाही हे मला अंबरनाथच्या माणसाने सांगायची गरज नाही. मे महिन्यात तिथे बसल्या जागी घामाने आंघोळ होते. हे मी काकांना एकदा ऐकवलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"तुम्ही गावाकडच्या, वहिनी. मी शहराचं बोलतोय. मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभ्या राहा एकदा."

"कॉलेज तिथेच केलंय मी, काका. शंभर वेळा उभी राहिलेय."

"वाऱ्याकडे तोंड करून की पाठ करून?"

मी आठवत बसले, की खरंच कशी उभी राहायचे. संध्याकाळची भाकरी करपली ती वेगळीच.

वारा हा काकांचा खास विषय. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की काका तिथे बोट ओलं करून उभे. "चादर त्या दोरीवर घाला, वहिनी. पश्चिमेकडनं येतोय. समुद्र त्या बाजूला." आमच्या गच्चीतून पश्चिमेला दिसतो तो अर्धवट बांधलेला टॉवर आणि त्याच्यावरची क्रेन. पण काका त्या दिशेला असं बघतात, की नवा माणूस टाचा उंचावून समुद्र शोधायला लागतो. पाणीपुरवठ्याचा इंजिनियर आला होता एकदा टाकी बघायला, तोही बघत होता.

रत्नागिरीच्या माणसांबद्दल तर काकांना इतकं प्रेम, की आम्हालाच संकोच वाटावा. "तिथं सरळ असं काही नाही बघा," ते अगदी कौतुकाने सांगतात. "रस्ता सरळ नाही, किनारा सरळ नाही, आणि माणूस तर नाहीच नाही. सगळा काळा कातळ. समुद्र येऊन आपटतोय, आपटतोय, आणि कातळ म्हणतोय, बरं, मग?"

या 'बरं, मग?'चे किस्से आमच्या इमारतीतल्या पोरांनासुद्धा पाठ आहेत. पहिल्याच दिवशी काकांनी रिक्षावाल्याला मांडवीला सोड म्हटलं. तो सीटवर मागे रेलून पेपर वाचत होता. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "रिक्षा कशाला? उतार आहे. चालत जा."

"आणि येताना? येताना चढ लागेल ना?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. मी इथे असलो तर असेन, नसलो तर नसेन."

दुसरा किस्सा मिरकरवाड्याच्या बंदरावरचा. होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव चालला होता, आणि काका आपले मध्ये उभे राहून बघत होते. एका कोळणीने विचारलं, "घ्यायला आलायस का बघायला?" काका म्हणाले, बघायला. "मग बाजूला उभा राहून बघ. घेणाऱ्याला दिसू दे." हे वाक्य काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये वापरतात. सेक्रेटरी अजून त्याचा अर्थ लावतोय.

नुसतं सांगून थांबले असते तर एक वेळ चाललं असतं, पण काकांनी रत्नागिरी अंगात मुरवून घेतलेली. आम्हाला कपाट घ्यायचं होतं म्हणून मी, माझा नवरा विलास आणि काका उल्हासनगरला फर्निचर बाजारात गेलो. काकांना नेलं, कारण स्टोअरमध्ये आयुष्य गेलेला माणूस, लोखंड कळतं त्यांना. दुकानातल्या सिंधी शेठने कपाट उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं, वर एक बुक्की मारून दाखवली आणि भाव सांगितला. मग आम्ही कमी करायला सांगू म्हणून तो तयारीत उभा राहिला. काका म्हणाले, "ठीक है," आणि पंख्याखाली जाऊन बसले.

शेठ थोडा वेळ थांबला. "क्या ठीक है, साईं?"

"आपने भाव बोला. हमने सुना."

"तो आगे बोलो ना! कम-जादा करो!"

"हमारे रत्नागिरी में भाव नहीं करते. परवडलं तर घेतात, नाहीतर घरी जातात."

शेठच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसलं ते मी विसरणार नाही. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. बिचाऱ्याने आमच्या वतीने स्वतःशीच घासाघीस केली. "चलो, थोडा कम करता हूँ." काका गप्प. "अरे, फॅमिली के साथ आये हो." काका गप्प. शेवटी चहा मागवून, भाव उतरवून, वर आतला लॉकर फुकट देऊन त्याने कपाट टेम्पोत चढवलं आणि काकांना हात जोडले. "साईं, अगली बार ये रत्नागिरी को घर पे छोड के आना."

आम्ही खरे रत्नागिरीकर मात्र मनातून चिडायचो. विलास म्हणायचा, "आंबे आपले, शेणकूट आपण उचललं, आणि मिजास यांची!" माझंही तेच. गावाची आठवण मला काय कमी येते? इथे बाजारात कुळथाचं पीठ दिसलं तरी माझा जीव कासावीस होतो. पण मी गावभर बोंबलत फिरते का?

मे महिना लागला की आमची इमारत रिकामी व्हायला लागते. समोरचे सातारला, शेजारचे देवगडला, खालचे नगरकडे. ज्याला त्याला गाव. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पालेगावात दिलेली. काका एकटेच मागे राहतात आणि सगळ्यांच्या तुळशींना पाणी घालतात. मी दरवर्षी म्हणायचे, "काका, चला आमच्याबरोबर. एवढी तुमची लाडकी रत्नागिरी!" दरवर्षी नवं कारण. एकदा घाटात पोटात ढवळतं. एकदा डोळ्याचं ऑपरेशन करायचंय. एकदा म्हणाले, "तुळशींना पाणी कोण घालणार?" मी म्हटलं, वॉचमन घालेल. "त्याला वारा कळत नाही," म्हणाले. तुळशीचा आणि वाऱ्याचा काय संबंध!

मग माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस खरंच गेलाय का रत्नागिरीला? की कुणाकडून ऐकलेलं आपलं म्हणून सांगतोय? गेल्या मे महिन्यात बाजाराच्या कामाला रत्नागिरीत गेले होते, तेव्हा ठरवलं, आज छडा लावायचाच. काका राहिले होते मांडवीकडे एका साळवी काकूंच्या घरात. खाली खानावळ, वर दोन खोल्या. किल्ल्याखालच्या कातळावर ते घसरून पडले होते आणि काकूंनी त्यांच्या पायाला हळद बांधत त्यांना झाडून काढलं होतं, हा किस्साही आम्हाला पाठ होता.

खानावळ सापडली. साळवी काकूही सापडल्या. ऐंशीच्या घरातली, कडक बाई. अंगणात उन्हात आमसुलं वाळत घातली होती आणि त्या काठी घेऊन कावळ्यांवर पाळत ठेवून होत्या.

"गायकवाड? कोण गायकवाड?"

"अंबरनाथचे. तुमच्याकडे राहिले होते. खूप वर्षं झाली. कातळावर पडले होते."

"कातळावर रोज एक पडतो. सगळ्यांना लक्षात ठेवू?"

"ते तुमची रोज आठवण काढतात."

"रोज? त्यांना कामधंदा नाही?"

"निवृत्त झालेत."

"मग येत का नाहीत?" काकूंनी काठी माझ्याकडे रोखली. "तिकडे बसून आठवण काढायला काय जातं? मला नाही आठवत ते. उगीच हो कशाला म्हणू? माणूस आल्याशिवाय ओळखणार कशी? या म्हणावं. पावसात नको, वरची खोली गळते. आणि तू काय उभी राहिलीस उन्हात? सरबत घे."

सरबत घेतलं. पण माघारी येताना सारखं वाटत होतं, कशाला गेले मी? काका खरे होते. रत्नागिरी खरी होती. फक्त तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

बदलापूरला आल्यावर फणसाचे गरे द्यायला मी वर गेले. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "समुद्र कसा होता?" मी बरा होता म्हटलं आणि तिथेच घुटमळत राहिले. मला पोटात ठेवता येत नाही. सांगून टाकलं, साळवी काकूंना भेटले म्हणून.

काका खुर्चीत सरळ झाले. "आहेत? काय म्हणाल्या?"

खोटं बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्या बाईने स्वतः खोटं बोलायला नकार दिला तिच्या तोंडी मी काय म्हणून खोटं घालू? "त्यांना आठवत नाही, काका," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, "बसा, वहिनी. तुम्ही दरवर्षी बोलावता आणि मी टोलवतो. तुम्हाला वाईट वाटत असेल."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि गाव सोडलं. ज्या गावाने आपल्याला माणसात धरलं नाही त्याचं नाव माझ्या घरात नको, असं बजावलं. "नाव मला माहीत आहे, कागदोपत्री असतंच. पण तोंडाने कधी घेतलं नाही. आजोबांनी केलं ते बरोबरच केलं. मला अभिमान आहे त्यांचा. आमचं गाव म्हणजे अंबरनाथ पश्चिमेची चाळ. ती पाडून टॉवर झाला. मध्ये एकदा बघायला गेलो तर वॉचमन म्हणतो, किसके यहाँ जाना है? काय सांगणार त्याला?"

मग ते साळवी काकूंवर आले. "साळवी काकूंकडनं निघालो ना, तेव्हा त्या दारात आल्या. म्हणाल्या, पुढच्या खेपेला पायात धड काहीतरी घालून या, हे बूट कातळावर चालत नाहीत. पुढच्या खेपेला! मला कुणी कधी असं म्हटलं नव्हतं, वहिनी. तुम्ही गावाहून निघता तेव्हा तुम्हाला सगळेच म्हणतात. मला एकदाच म्हटलं कुणी. परत गेलो आणि त्यांनी कोण तुम्ही म्हणून विचारलं, तर तेही गेलं. म्हणून गेलो नाही."

इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा करत होते, आणि हा एका वाक्याला जपत बसला होता. मग एकदम लक्षात आलं, की मी निरोप अर्धाच दिलाय.

"अहो काका, पण त्या या म्हणाल्या! येत का नाहीत म्हणाल्या. पावसात नको, वरची खोली गळते म्हणाल्या."

काकांनी संशयाने बघितलं. "गोड बोलून म्हणाल्या?"

"छे हो! खेकसून. काठी रोखून."

"नक्की खेकसून?"

"माझ्यावर पण खेकसल्या."

"मग मनापासून असेल," काका म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मी गऱ्यांची पिशवी तशीच ठेवून खाली आले. घरी येऊन जरा रडले. विलासने विचारलं काय झालं, तर त्यालाही सांगताना पुन्हा रडले.

डिसेंबरात सासरी विलासच्या पुतण्याचं लग्न होतं. आम्ही काकांना यायचंय का असं विचारलंच नाही, सरळ तिकीट काढून हातात दिलं. निघायच्या सकाळी काका आमच्या आधी खाली येऊन गेटपाशी उभे. इस्त्रीचा शर्ट, मुलीने दिलेला स्वेटर, पायाशी बॅग. दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेला मुलगा बाइक काढत होता. त्याने विचारलं, "काय काका, सकाळी सकाळी बॅग घेऊन कुठे?"

विलासने घाबरून घड्याळ बघितलं. आता मांडवी, मिरकरवाडा, कातळ, सगळं होणार आणि आमची गाडी चुकणार. मी काकांचा हात धरून त्यांना रिक्षाकडे ओढायलाच निघाले होते. पण काकांनी रत्नागिरीचं नावसुद्धा घेतलं नाही. बॅग उचलली, रिक्षात नीट मांडीवर घेतली आणि त्या मुलाला एवढंच म्हणाले, "गावी."