विलास आधी पाय बघतो

आमचा विलास माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही. आधी पाय बघतो, मग चप्पल बघतो, आणि त्यातून वेळ उरला तर तोंड. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा आपल्या बाजूनं एक शिकलेला माणूस असावा म्हणून मी त्याला बोलावून घेतलं. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेला माणूस. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या आईनं विचारलं की भाऊजी काही बोलत का नाहीत. विलास खाली बघूनच म्हणाला, "वहिनी, तुमची डावी टाच लय झिजतीया."

लग्न जमलं. विहीणबाई आता भेटल्या की माझी नाही, विलासची खुशाली विचारतात.

पलूसजवळच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसायचो. मी अजून बसतो. उसाच्या रसात साखर किती, हे दिवसभर तपासायचं आणि लिहून ठेवायचं, असं ते काम. पगार वेळेवर. विलासच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सगळ्या गावाला सांगितलं होतं की पोरगा केमिस्ट आहे. आबा मिलिटरीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की गाव ती उभं राहून ऐकायचं.

लॅबमध्ये बाटल्या धुवायला तुकामामा होते. निवृत्त झाल्यावर एकदा बाजारात हिंडताना बाभळीचा काटा चपलेतून आरपार त्यांच्या तळव्यात गेला. मामांना कळलंच नाही. साखरेच्या आजारानं पाय बधिर झाले होते. काटा घेऊन ते बाजारभर फिरले. पुढं सांगलीच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढावा लागला. आम्ही दोघं केळी घेऊन बघायला गेलो. मामा आम्हालाच धीर देत होते. विलासनं डॉक्टरांना विचारलं, की असल्या पायांसाठी वेगळी चप्पल मिळत नाही का. मिळते, डॉक्टर म्हणाले, पण पुण्यात. इथून कोण जातंय?

येताना एसटीत विलास सगळ्यांच्या पायांकडे बघत बसला. त्याच आठवड्यात त्यानं राजीनामा दिला.

साहेबांना वाटलं, याचा साखरेवर राग आहे. त्यांनी बराच वेळ समजावलं, की माणसं गोड खातात त्याला कारखाना काय करणार. विलासनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, साखर चांगलीच हाय. पण माझी खुर्ची रिकामी झाली तर उद्या दारात रांग लागंल. त्या चपलांच्या कामाला रांगच न्हाई. मग मी हितं बसून कुणाचं भलं करतोय?"

दुसऱ्या दिवशी खरोखर रांग लागली. तिच्यात माझा मेहुणाही होता. त्याला ती जागा मिळाली आणि तो फार चांगलं काम करतो.

विलास दक्षिणेत एका दवाखान्याच्या कार्यशाळेत राहून पायाची मापं घेणं शिकला. शिवण शिकायला सांगलीच्या स्टँडजवळच्या एका चांभाराकडे गेला. त्या बिचाऱ्याला अवघडल्यासारखं व्हायचं. तो स्टूल पुढं करायचा आणि विलास खाली बसायचा. मग त्यानं सांगलीत स्वतःचं दुकान टाकलं. काय शिकू म्हणून कुणी पोरगा विचारायला आला, की तो एवढंच विचारतो, "तितं रांग हाय का? आसंल तर जाऊ नगंस." लोकांनी पोरं पाठवणं बंद केलं.

फलटणला एका लग्नात तर हा मार खाता खाता वाचला. अक्षता पडल्या तरी विलास दिसेना म्हणून शोधत गेलो, तर कार्यालयाच्या दारात चपलांच्या ढिगाशेजारी माणसांचा घोळका, आणि मध्ये हातात एकच सँडल घेऊन हा. चप्पलचोर सापडला म्हणून लोक खूश होते. विलास शांतपणे सांगत होता की ह्या सँडलला आतून रक्त लागलंय, मी मालकाची वाट बघतोय. मालक निघाले नवऱ्या मुलाचे काका. त्यांना पायात काही दुखतही नव्हतं. मोजा काढल्यावर अंगठ्याखालची जखम दिसली. काकांना तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. विलास जेवायला बसला तेव्हा जिलेबी संपली होती. गोड सोडलेल्या माणसानं ती कुठं खाल्लीच असती म्हणा.

एवढी माणसं त्याच्या पुढ्यात पाय ठेवतात. आबांनी मात्र ठेवला नाही. पोरगा चपला शिवायला लागल्यापासून त्यांनी त्याला पाया पडून नमस्कारही करू दिला नाही. दसऱ्याला विलास सोनं द्यायला गेला, की आबा मांडी घालून पाय धोतरात झाकून बसायचे आणि वरच्या वर सोनं घ्यायचे. पोरगा काय करतो म्हणून कुणी विचारलं, तर सांगायचे, "साखरंच्याच खात्यात हाय." खोटं काहीच नव्हतं त्यात.

गेल्या उन्हाळ्यात विलासच्या आईचा फोन आला. धुवायला टाकलेल्या आबांच्या मोज्याला डाग होता, आणि आबा पाय दाखवत नव्हते. मला घेऊन विलास गावाला गेला.

आबा सोप्यात खाटेवर बसले होते. आम्ही कशाला आलोय ते त्यांनी ओळखलं. विलासशी न बोलता ते मला म्हणाले, "ह्याला सांग, लोकांच्या पायाशी बसायला न्हवता शिकवला." मी काय सांगणार? विलास त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि पिशवीतून कापूस-पट्टी काढून मांडू लागला. शेवटी आबांनी मान दुसरीकडे फिरवली आणि उजवा पाय पुढं केला.

करंगळीच्या बाजूला जखम होती. सांगलीच्या डॉक्टरांनी पुढं ती भरून आणली, पाय वाचला. त्या दुपारी मात्र ते कुणालाच माहीत नव्हतं. विलासनं जखम धुऊन पट्टी बांधली. मग पिशवीतून नायलॉनचा ताठ दोरा काढला. डोळे मिटलेल्या माणसाच्या तळव्याला तो टोचतात आणि कळतंय का विचारतात. कळलं नाही, तर पाय बधिर झालाय असं समजायचं.

"आबा, डोळं मिटा. टोचलं की सांगा."

आबांनी डोळे मिटले. विलासनं टाचेला दोरा लावला. आबा गप्प. चवड्याला लावला. तरी गप्प. मग विलासनं दोरा बाजूला घेतला आणि हवेतच धरून विचारलं, "आता?"

"कळतंय की," आबा म्हणाले. "चांगलं कळतंय."

विलास त्या दोऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ब्येस हाय, आबा." त्यानं कागद अंथरला, पाय त्यावर ठेवला आणि पेन्सिलीनं कडेनं रेघ काढली. दुसराही पाय मागितला. तो न बोलता मिळाला. मापं झाली, कागद गुंडाळून पिशवीत गेला.

आबांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अजून," विलास म्हणाला, आणि दोन्ही पाय मांडीवर घेऊन बसून राहिला.