उत्तर घेऊन गेलेला मेंढा

निनेवेत सूर्य उगवला आणि त्याच घटकेला रिमूतच्या हातून मेंढा सुटला.

मेंढ्याच्या कानात प्रश्न सांगायचा, मग त्याचं काळीज काढून त्यावर देवाने लिहिलेलं उत्तर वाचायचं, हा रिमूतचा धंदा. सव्वीस वर्षं त्याने लोकांचे प्रश्न सांगितले. आज प्रश्न घरचा होता. मुलगी बनीतू दूर हर्रान शहरी दिल्यावर सुखी होईल का? होणारा व्याही सगिबी बाजारात घेतलेले एकोणीस मेंढे घेऊन उत्तरासाठी दारात थांबला होता.

प्रश्न एका दमात आटोपला असता. पण चूक राहू नये म्हणून रिमूत सांगतच बसला, "शमश देवा, माझं वस्त्र मळकं असेल तर मनावर घेऊ नकोस. जीभ अडखळली असेल तर सोडून दे..."

"अहो, आवरा! मेंढा कंटाळला," बायको दमका म्हणाली.

"बोललीस मध्ये? आता तेही घालायला हवं. देवा, बायको मध्ये बोलली ते..."

मेंढ्याने मान झटकली, दावं हिसडलं आणि तो सगिबीच्या कळपात घुसला.

देवाला बेदाग मेंढा लागतो, म्हणून रिमूतने अंगावर एकही खूण नसलेला निवडला होता. सगिबीनेही तसेच निवडले होते. वीस पांढरी तोंडं रिमूतकडे सारख्याच थंडपणे बघत राहिली.

तो एकेकाच्या कानाशी वाकू लागला. "तूच का रे?"

"व्याहीबुवा, एकेकाचा निरोप घेताय होय?" सगिबी म्हणाला. "ऊन चढतंय. देव काय म्हणाला तेवढं सांगा."

गल्ली गोळा झाली होती. देवाचं उत्तर पळून गेलं, हे चारचौघांत कसं सांगायचं? न पाहिलेलं काळीज रिमूतने आजवर कधी वाचलं नव्हतं.

"शुभ आहे," तो म्हणाला.

सासरी निघायला बनीतू गाढवावर बसली. "बाबा, वीस जणांना विचारलंत. एकदा मलाही विचारायचं."

"काय सांगितलं असतंस?"

"आता राहू द्या."

हिवाळा सरल्यावर हर्रानहून एक लोकरवाला आला. सगिबीचे वीसपैकी एकोणीस मेंढे विकले गेले म्हणाला. एक उरलाय, सुनेने तो कापू दिला नाही.

"बरं आहे ना?" रिमूतने विचारलं.

"चांगला लठ्ठ झालाय."

"अहो, मुलगी!"

"रोज सकाळी त्याच्या कानाशी बसून काहीतरी सांगत असते. काय ते मला ऐकू आलं नाही."