टेबलाखालचे सत्त्याण्णव गुण

एका मुलाचे दुःख शंभर शब्दांत बसवावे लागते. एकशेएकावा शब्द टाइप केला की अर्जाची चौकट लाल होते आणि दुःख स्वीकारले जात नाही. हे काम कोणीही सोम्यागोम्या करू शकत नाही. मी ते गेली नऊ वर्षे करतो. निराधार मुलांसाठी झटणाऱ्या संस्थांना अनुदान मिळवून देणारे अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय आहे आणि आजवर माझ्या हातून एकही मूल चौकटीबाहेर सांडलेले नाही.

त्यामुळे मावशीने मला बोलावले तेव्हा मी निर्धास्त होतो. मावशी निवृत्त परिचारिका. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरी कोणी नसते, किंवा जे असते ते नसलेले बरे, अशी अकरा मुले शाळा सुटल्यावर तिथे येत. जागेच्या मालकाने भाडे दुप्पट केले होते. महिनाअखेरपर्यंत अनुदान मंजूर झाले नाही तर खोल्या सोडायच्या आणि मुलांनी यायचे बंद करायचे, इतका सरळ मामला होता.

"इथे नेमकं काय चालतं?" मी लॅपटॉप उघडून विचारले.

"येतात, खातात, भांडतात, जातात."

मी लिहिले: 'पोषणाधारित, संघर्ष-निराकरणकेंद्रित, सहभागात्मक हस्तक्षेप.' मावशीने चष्मा लावून ते दोनदा वाचले.

"हे आपल्याकडे चालतं?"

"रोज चालतं."

"मेल्या, आणि मला पत्ता नाही!"

पुढचा रकाना बिकटता निर्देशांकाचा होता. प्रत्येक मुलासाठी वीस प्रश्न, शंभरपैकी गुण आणि सगळ्या मुलांची सरासरी किमान सत्तर. सत्तरच्या खाली मूल दुःखी असू शकते, पण ते त्याचे खासगी दुःख समजले जाते. आम्ही एकेका मुलाला घेऊन बसलो. खिदळ्या नावाच्या मुलाने घात केला. बाप तुरुंगात, आई दोन ठिकाणी कामाला, झोपायला जागा शेजाऱ्यांच्या व्हरांड्यात; नव्वद कुठे गेले नव्हते. पण चौदावा प्रश्न होता, 'मूल हसते काय?' आणि खिदळ्या तो प्रश्न ऐकूनच हसला.

"मावशी, याला जरा कमी हसायला सांग ना."

"एवढं सगळं होऊन पोरगं हसतंय, तर हसू दे की!"

"हसू दे गं, पण अठरा गुण गेले."

आम्हाला तारले ते बटणीने. बटणी सात वर्षांची. तिची आई एके दिवशी कामावर गेली ती परत आलीच नाही आणि तेव्हापासून ही कोणाशी बोलली नव्हती. ती आली की थेट टेबलाखाली जाऊन बसे. टेबलावर मावशी मुलांचे फाटके कपडे शिवत असायची. खाली बटणांचा डबा घेऊन ही बटणे लावत बसायची, रंगाप्रमाणे, भोकांप्रमाणे. मावशी हात खाली करून म्हणायची, "निळं, चार भोकांचं." हातात बटण यायचे. चौदा महिने दोघींचे संभाषण ते एवढेच.

मी गुण मोजले. सत्त्याण्णव! मी टाळी वाजवली. सरासरी सत्तर पूर्णांक दोनवर गेली. नऊ वर्षांत इतके भक्कम मूल माझ्या हाताला लागले नव्हते.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. मग अनुदान देणाऱ्या निधीच्या कार्यालयातून मूल्यमापन अधिकारी बाईंचा फोन आला. आवाज गोड, मध लावल्यासारखा.

"अभिनंदन! यंदाचं आपलं सूत्र आहे 'मुलांचा आवाज'. सर्वांत बिकट मुलाचं स्वतःच्या शब्दांतलं निवेदन जोडायचं राहिलंय तुमचं."

"मॅडम, ती बोलत नाही."

"हो, वाचलं मी. फार हृदयद्रावक लिहिलंय तुम्ही. तर आपण बोलत नाही, असं तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की झालं."

"पण तसं सांगितलं तर ती बोलली असं होईल ना?"

पलीकडे कागदांची सळसळ झाली. "मग गुण कमी करावे लागतील," त्या म्हणाल्या. "हे बघा, मी प्रत्यक्ष भेटीला येते. न बोलणं समक्ष ऐकल्याची नोंद मीच करते. तशी तरतूद आहे."

तरतूद असल्याचे ऐकून मला गहिवरून आले.

भेटीच्या दिवशी मावशीने खोल्या लख्ख धुतल्या आणि मुलांचे केस विंचरले. हे तिने मला न विचारता केले. अधिकारी बाईंबरोबर आलेल्या छायाचित्रकाराने दारातच कपाळाला हात लावला.

"पडदे ओढता येतील का? फार उजेड आहे. आणि त्या मुलाचा स्वेटर नवा दिसतोय."

"मीच विणलाय," मावशी म्हणाली.

"सुंदर आहे हो. फोटोपुरता काढा."

पडदे ओढले, स्वेटर निघाला, केस पुन्हा विस्कटले. खिदळ्याला हा सगळा खेळ वाटून तो लोळून हसू लागला, तेव्हा त्याला जिन्यात उभे केले. वातावरण एकदाचे अनुदानयोग्य झाले. मग अधिकारी बाई टेबलाशी आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी खाली वाकून पाहिले. मी मनातल्या मनात हात जोडले. खाली बटणी होती, डबा होता आणि दर्जेदार शांतता होती. बाईंनी पेन काढले.

"तुमचं बटण निघालंय," टेबलाखालून आवाज आला. बारीक, घोगरा, न वापरलेला. "पांढरं देऊ?"

बाईंच्या कोटाचे तिसरे बटण खरोखरच दोऱ्याला लोंबत होते. जिन्यातले हसणे थांबले. मावशी धप्पकन जमिनीवर बसली, टेबलाखाली सरकली, आणि "काय म्हणालीस? काय म्हणालीस गं बाळा?" असे पाच-सहा वेळा विचारत रडू लागली. बटणीने तिलाही एक बटण दिले. मलाही बरे वाटले, नाकारत नाही. पण सरासरीकडेही कोणीतरी बघायला हवे होते.

अधिकारी बाईंनी डोळे पुसले. "मनापासून आनंद झाला," त्या म्हणाल्या आणि सत्त्याण्णववर काट मारून त्यांनी एक्केचाळीस लिहिले. "आता तुमची संस्था पात्र नाही."

"अहो, पण ही सुधारणा झाली! तीच तर दाखवायची असते ना?" मी म्हणालो.

"सुधारणा अनुदानानंतरची धरतात. अनुदानाआधीच मूल सुधारलं, तर मग पैसे हवेत कशाला, असं तपासणीत विचारतात."

युक्तिवाद बिनतोड होता. मी मावशीला जिन्यात नेले. खिदळ्या होताच तिथे, त्याला आत पाठवले.

"ऐक. मी फेरभेट मागून घेतो. तोवर तिला गप्प ठेव. चौदा महिने बसलीच आहे ना, अजून अठरा दिवस. एकदा मंजुरी आली की मग बोलू दे पोटभर."

मावशीने माझ्याकडे पाहिले. चिघळलेल्या जखमेकडे ती असेच बघत असावी.

"लहानपणी तुला गोवर झाला होता," ती म्हणाली. "आठवडाभर मी तुझ्या उशाशी बसून होते. उगाच बसले."

आणि ती आत जाऊन पडदे उघडू लागली.

तरीही मी प्रयत्न सोडले नाहीत. शेवटी रक्ताचे नाते आहे. मी नियमावलीचा कोपरा न् कोपरा चाळून 'लोकपसंती' नावाचे कलम शोधले. सरासरीत न बसणाऱ्या दोन संस्थांचे फोटो निधीतर्फे लोकांच्या फोनवर पाठवले जातात. ज्या फोटोला जास्त हृदये मिळतात, त्या संस्थेला सरासरी माफ. अर्ज भरताना मी काढलेला बटणीचा टेबलाखालचा जुना फोटो पाठवायला मी मावशीला सांगितले. तिने माझे ऐकले नाही. तिने पाठवला बटणीचा ताजा फोटो: खिडकीपाशी, उजेडात, डबा छातीशी धरलेला, पुढचे दोन दात पडलेले, आणि हसू या कानापासून त्या कानापर्यंत.

दुसऱ्या फोटोत एक मुलगा भिंतीला टेकून रडत होता. तो अर्जही माझाच होता. फोटो होईपर्यंत खेळायला सोडणार नाही, असे मी त्याला सांगितले होते. अश्रू शंभर टक्के खरे होते, हे मी जबाबदारीने सांगतो.

रडणाऱ्या मुलाला चाळीस हजारांवर हृदये मिळाली. बटणीला दोनशे बारा, त्यातले एक सायकलवाल्याचे.

एकतीस तारखेला मावशीने किल्ली परत केली. टेबल सायकलवाल्याने ठेवून घेतले. खिदळ्या काही दिवस शाळा सुटल्यावर बंद दाराशी येऊन बसत असे, मग तो दिसेनासा झाला. मावशी बटणीच्या आजीकडे जाऊन भेटायची. पहिल्या आठवड्यात बटणी तिच्याशी बोलली. दुसऱ्या आठवड्यात तिने फक्त दार उघडले. तिसऱ्या आठवड्यात ती आजीच्या खाटेखाली होती. मावशीने हात खाली करून म्हटले, "निळं, चार भोकांचं." हातात काही आले नाही. मावशी माझ्याशी बोलत नाही, हे मला तिच्या शेजारणीकडून कळले.

मात्र सगळेच काही वाया गेले नाही. एका मोठ्या संस्थेने बटणीचे नाव आपल्या यादीत घेतले आहे. आठवड्यातून एकदा त्यांची गाडी येते, फॉर्म भरून जाते. त्यांचे अर्ज मीच लिहितो. परवा मी तिचे गुण नव्याने मोजले. नव्याण्णव. सरासरी कितीही असो, लोकपसंतीसाठी फोटोही या वेळी माझ्याकडे योग्य आहे, तो टेबलाखालचा जुना. अंधार छान आला आहे, डोळे तेवढे दिसतात.

येत्या आठवड्यात तो तुमच्या फोनवर येईल. तुम्ही त्यावर थांबाल, चुकचुकाल आणि हृदय दाबाल, मला खात्री आहे. मागच्या वेळी ती हसत होती, तेव्हा तुम्ही तिला बोटाने वर सरकवलेत.